पॉवर बँकेवरचा आकडा आणि आतला सेल

पॉवर बँक निवडताना बहुतेकांची नजर एकाच आकड्यावर असते: १०,०००, २०,०००, ३०,०००. त्या आकड्यावरून फोन किती वेळा चार्ज होईल हेसुद्धा धड कळत नाही, मग वस्तू भरवशाची आहे की नाही हे कळणं लांबच. भरवशाचे मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. लिहिली आहे तेवढी वीज खरंच मिळते का? आणि वर्ष-दोन वर्षं वापरल्यावर ती फुगणार, तापणार किंवा पेटणार तर नाही ना? पहिल्याचं उत्तर साध्या गुणाकार-भागाकारात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर आतल्या सेलमध्ये असतं आणि तो बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याच्या खुणा ओळखाव्या लागतात.

कवचाच्या आत

कोणतीही पॉवर बँक उघडली की आत दोनच महत्त्वाच्या गोष्टी निघतात: लिथियम-आयन सेल आणि एक छोटा सर्किट बोर्ड. सेल दोन प्रकारचे. एक, धातूच्या नळीतले गोल सेल. त्यांच्या नावातच माप असतं: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, २१७०० म्हणजे २१ आणि ७०. दुसरे चपटे, मऊ पाकिटातले पाउच सेल. खोक्यावर 'लिथियम पॉलिमर' असं लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा हेच. पॉलिमर म्हणजे आपोआप सुरक्षित असा समज पसरलेला आहे. त्यात तथ्य नाही, कारण दोन्हींत पेट घेणारं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारं द्रावण, असतं. उलट चांगल्या गोल सेलच्या टोपीत आतल्या वायूचा दाब वाढल्यावर जोडणी तोडणारी चकती आणि वायू बाहेर सोडणारी झडप असते. पाउचमध्ये यातलं काहीच नसतं, तो नुसता फुगतो. एका अर्थी तोही फायदाच, कारण फुगलेलं निदान डोळ्यांना दिसतं.

बोर्डाची कामं तीन. चार्जरमधून येणारी वीज सेलमध्ये मापात भरायची, सेलचे ३ ते ४.२ व्होल्ट वाढवून पोर्टवर ५, ९ किंवा १२ व्होल्ट द्यायचे, आणि काही गडबड झाली तर सगळं तोडून टाकायचं. स्वस्त मालात ही तिन्ही कामं एकच चिप करते. चांगल्या मालात तिसऱ्या कामासाठी वेगळी चिप बसवलेली असते, म्हणजे पहिली बिघडली तरी दुसरी जागी राहते.

आकड्याचा हिशेब

१०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) हा आकडा सेलचा असतो, पोर्टचा नाही. सेलचा सरासरी विद्युतदाब ३.७ व्होल्ट असतो आणि यूएसबी पोर्टवर मात्र ५ व्होल्ट द्यावे लागतात. एमएएच म्हणजे नुसती नाण्यांची संख्या. एकेक नाणं कितीचं आहे ते व्होल्ट सांगतात. दोन्हींचा गुणाकार केला की खरा ऐवज कळतो, आणि त्याचं एकक आहे वॉट-अवर.

१०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-अवर. त्याला ३.७ ने गुणलं की ३७ वॉट-अवर. हीच ऊर्जा ५ व्होल्टवर मोजली तर ७,४०० एमएएच भरते, म्हणजे एक पैसाही वाया गेला नाही तरी १०,००० मिळणार नाहीत. वर दाब वाढवताना बोर्डात १० ते १५ टक्के उष्णता होऊन जाते. राहतात साधारण ६,३०० ते ६,६००. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून ६,००० च्या आसपासचा जो आकडा छापलेला असतो, तो हा. दर्शनी भागावर १०,००० आणि मागे ६,००० पाहून अनेकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हा दुसरा आकडा छापणारा उत्पादक जास्त प्रामाणिक आहे. ज्याच्या मालावर वॉट-अवर नाहीत, रेटेड कपॅसिटी नाही, मॉडेल क्रमांकही नाही, नुसता मोठ्ठा एमएएच आहे, त्याच्यापासून लांब राहावं.

आता फोनच्या बाजूने पाहू. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टच्या हिशेबाने १९ वॉट-अवरच्या थोडी वर जाते. आपल्या ३७ वॉट-अवरपैकी पोर्टमधून ३२-३३ बाहेर पडतात, केबल आणि फोनचं स्वतःचं चार्जिंग सर्किट आपापला वाटा घेतात, आणि फोनच्या बॅटरीत २७-२८ पोचतात. म्हणजे फोन साधारण १.४ ते १.५ वेळा भरतो. '१०,००० भागिले ५,००० म्हणजे दोन वेळा' हा हिशेब कुठल्याच चांगल्या पॉवर बँकेत जमत नाही. वायरलेस वापरलं तर त्यातलीही बरीच ऊर्जा उष्णतेत जाते आणि एकदा पूर्ण भरून वर थोडंसं उरतं, इतकंच.

वजनकाटा खोटं बोलत नाही

आकडा मुळातच खोटा असेल तर हा सगळा हिशेब व्यर्थ. इथे सर्वांत सोपं हत्यार म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. लिथियम-आयन सेलच्या एक किलो वजनात किती ऊर्जा मावते याला मर्यादा आहे. बाजारातले चांगले सेल साधारण २०० ते २६० वॉट-अवर प्रति किलो या पट्ट्यात येतात. ३७ वॉट-अवरसाठी नुसते सेलच दीडशे ग्रॅमच्या आसपास लागतात. कवच आणि बोर्ड धरून नेहमीची १०,००० ची पॉवर बँक १८० ते २५० ग्रॅम भरते. खास हलक्या आणि महागड्या काही बँका दीडशेपर्यंत खाली येतात. २०,००० ची नेहमीची बँक साडेतीनशे ग्रॅमच्या आजूबाजूला किंवा वर असते. पावणेतीनशेच्या खाली असेल तर आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही. खिशात सहज मावणारी, दोनशे ग्रॅमची '५०,०००' वाली बँक म्हणजे शुद्ध थाप.

सुट्या सेलचंही तसंच. १८६५० मापाचा दर्जेदार सेल ३,५०० एमएएचच्या आसपास असतो, अगदी नवे ४,००० पर्यंत जातात. त्यावर ९,९०० छापलेलं असेल तर तो आकडा कुणीतरी कागदावर बसून ठरवलेला आहे.

मात्र काटा एकाच दिशेने खात्रीचा आहे. वजन कमी असेल तर आकडा नक्की खोटा. वजन बरोबर असेल तर आकडा खरा असेलच असं नाही, कारण नकली मालात वाळू किंवा लोखंडी पट्टी भरल्याचे प्रकार उघड झालेले आहेत. त्याची शहानिशा मोजूनच करावी लागते.

घरच्या घरी मोजणी

यूएसबी मीटर नावाचं अंगठ्याएवढं उपकरण मिळतं. पॉवर बँक आणि फोन यांच्या मधे ते लावायचं. ते व्होल्ट, अँपिअर आणि एकूण वॉट-अवर दाखवतं. बँक पूर्ण भरा, मीटर शून्यावर आणा आणि ती स्वतःहून बंद पडेपर्यंत एकापाठोपाठ फोन लावत राहा. मीटरवरचे वॉट-अवर छापील वॉट-अवरच्या ८५ ते ९० टक्के आले तर उत्तम. ७५ टक्क्यांच्या खाली आले तर प्रकरण संशयास्पद, आणि निम्म्यावर आले तर आकडा खोटा आहे किंवा सेल म्हातारे झाले आहेत.

मीटर नसेल तर फोनच्या टक्क्यांवरून काम भागतं. फोन २० टक्क्यांवर आल्यावर बंद करा किंवा निदान एअरप्लेन मोडवर टाका, ८० पर्यंत चार्ज करा, ६० टक्के लिहून ठेवा. फोन वापरून पुन्हा २० वर आणा, पुन्हा लावा. बँक रिकामी होईपर्यंत टक्क्यांची बेरीज करत जा. २० ते ८० एवढ्यासाठीच, की त्यापुढे फोन प्रवाह कमी करत नेतो आणि बोर्डाचा स्वतःचा खर्च तुलनेने वाढतो. ५,००० एमएएचच्या फोनवर बेरीज १३० ते १५० आली तर १०,००० चा दावा खरा धरायला हरकत नाही. शंभराच्या खाली आली तर आधी केबल बदलून बघा. बेरीज कितीही आली तरी फोनच्या बॅटरीची तब्येतही बघा. दोन वर्षं जुन्या फोनची बॅटरी ८५ टक्क्यांवर आलेली असते तेव्हा त्याचे १९ वॉट-अवर सोळावर येतात, आणि तरीही टक्के शंभरच दिसतात. म्हणजे जुन्या फोनवर बेरीज उगाच जास्त भरते, हे लक्षात ठेवा.

बँक बिघडलीय असं वाटतं तेव्हा

'पॉवर बँक स्लो चार्ज करते' या तक्रारीत गुन्हेगार अनेकदा केबल असते. तिच्या आवरणावर बारीक अक्षरात तारेची जाडी छापलेली असते, एडब्ल्यूजी या मापात. आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ एडब्ल्यूजी तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. वीज जाते एका तारेतून आणि परत येते दुसरीतून, म्हणजे एक मीटर केबलला ०.४३ ओहम. २ अँपिअर वाहू लागले की ०.८५ व्होल्ट वाटेतच संपतात आणि फोनपर्यंत ५ ऐवजी ४.१५ पोचतात. फोनला ते कळतं, तो प्रवाह घटवतो, आणि दोष पॉवर बँकेच्या माथी जातो. तीच केबल २४ एडब्ल्यूजीची असती तर घट ०.३४ व्होल्टवर थांबली असती. ९ व्होल्टच्या फास्ट चार्जिंगमध्ये तेवढ्याच वॉटला कमी अँपिअर लागतात, म्हणून तिथे बारीक केबलही बऱ्यापैकी निभावते.

इअरबड किंवा घड्याळ लावलं की बँक अर्ध्या मिनिटात बंद पडते, हाही बिघाड नाही. अगदी कमी प्रवाह जात असेल, बहुतेक बोर्डांत ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली, तर 'चार्जिंग झालं' असं समजून बोर्ड झोपी जातो. बऱ्याच बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी प्रवाहाची वेगळी पद्धत चालू होते. नेमकं किती वेळा दाबायचं ते माहितीपत्रकात दिलेलं असतं.

दोन पोर्टला दोन फोन लावल्यावर दोन्ही हळू होणं हेही रचनेतच आहे. बहुतेक बँकांत दाब वाढवणारं सर्किट एकच असतं. एका फोनला ९ व्होल्ट आणि दुसऱ्याला ५ देणं त्याला शक्य नसतं, म्हणून ते सगळ्यांना ५ व्होल्टवर आणतं. टाइप-सी ते टाइप-सी केबलने एखादं स्वस्त उपकरण चार्जच होत नसेल आणि जुन्या चौकोनी पोर्टच्या केबलने होत असेल, तर त्या उपकरणात ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर बसवायचा राहिलेला आहे. तो दिसल्याशिवाय सी पोर्टने वीज सोडायची नाही, असा नियमच आहे.

किती चार्ज उरलाय ते दाखवणाऱ्या चार दिव्यांवरही फार विसंबू नये. साध्या बँकेत दिवे सेलचे व्होल्ट बघून लागतात, आणि लिथियम-आयन सेलचे व्होल्ट मधल्या मोठ्या टप्प्यात फारसे हलत नाहीत. म्हणून तीन दिवे बराच वेळ तसेच राहतात आणि शेवटचा बघता बघता जातो. टक्के दाखवणाऱ्या पडद्यामागे प्रवाहाची बेरीज ठेवणारी चिप असेल तर तो बराच अचूक असतो. नाहीतर तेच चार दिवे शंभर भागांत वाटून दाखवलेले असतात.

सेल का पेटतो

इथून पुढचा भाग जरा नीट वाचा, कारण पॉवर बँकेच्या भरवशाचं मूळ इथे आहे.

सेलच्या आत धन आणि ऋण इलेक्ट्रोडच्या लांब पट्ट्या एकमेकींवर गुंडाळलेल्या किंवा रचलेल्या असतात. त्यांच्या मधे प्लास्टिकचा एक सच्छिद्र पडदा असतो, सेपरेटर. त्याची जाडी १० ते २५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. बाकी सगळी सुरक्षितता या पडद्याच्या अखंड राहण्यावर टिकून आहे. तो कुठेही फाटला की दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकतात, त्या ठिकाणी प्रचंड प्रवाह वाहतो आणि तापमान चढू लागतं. शंभर अंशांच्या आसपास ऋण इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर मोडू लागतो आणि तो मोडताना आणखी उष्णता सोडतो. १३० अंशांच्या सुमारास पॉलिथिलीनचा पडदा वितळतो. दोनशेच्या पुढे धन इलेक्ट्रोडमधून ऑक्सिजन सुटतो. इंधन आत, ऑक्सिजनही आत. मग बाहेरून हवा तोडून आग विझत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात, आणि शेजारी दुसरा सेल चिकटलेला असेल तर तोही त्याच वाटेने जातो.

हे घडवून आणणाऱ्या बाहेरच्या कारणांपासून बोर्ड वाचवू शकतो. सेल ४.२ व्होल्टवर भरला की तो चार्जिंग थांबवतो. ते काही कारणाने थांबलं नाही, तर संरक्षक चिप ४.२५ ते ४.३ च्या दरम्यान जोडणी तोडते. खालच्या बाजूला ३ व्होल्टच्या आसपास बँक बंद होते आणि संरक्षक चिप २.५ च्या आसपास शेवटचं दार लावते. पोर्टमध्ये शॉर्ट झाला तरी ती क्षणार्धात तोडते. तापमानासाठी सेलला चिकटवलेला एक थर्मिस्टर असतो, तापमानाप्रमाणे ज्याचा रोध बदलतो तो. २५ अंशांना त्याचा रोध सहसा १० किलोओहम असतो. स्वस्त मालात त्याच्या जागी १० किलोओहमचा साधा रेझिस्टर टाकलेला सापडतो. मग सेल साठ अंशांवर गेला तरी बोर्ड समजतो की बाहेर सुखद पंचवीस अंश आहेत. खर्चात वाचवलेली ही रक्कम इतकी किरकोळ असते की चीड यावी.

पण बोर्ड कितीही उत्तम असला तरी एका गोष्टीपुढे तो हतबल आहे: सेलच्या आत झालेला शॉर्ट. बोर्ड जोडणी तोडतो ती सेलच्या बाहेर, तारेवर. आत पडदा फाटला तर प्रवाह बोर्डापर्यंत येतच नाही, मग तो तोडणार काय? बाहेर दिवे हिरवे, पोर्ट बंद, आणि आत सेल स्वतःलाच जाळत असतो. काहीही न जोडता टेबलावर नुसत्या पडलेल्या पॉवर बँका पेटतात त्या अशा.

आतला शॉर्ट होतो कशाने? बनवतानाच आत राहिलेला धातूचा कण, कापताना पट्टीच्या कडेला राहिलेलं धातूचं टोकदार कुसळ, वाकडी बसलेली जोडणीची पट्टी. असे सेल कारखान्यातून सुस्थितीत बाहेर पडतात, कित्येक महिने नीट चालतात आणि मग दगा देतात. नंतरची कारणं वापरणाऱ्याच्या हातची आहेत. बँक कोपऱ्यावर आपटली की पाउचच्या कडेला पट्ट्या दुमडतात; त्या दिवशी काहीच होत नाही, परिणाम आठवड्यांनी दिसू शकतो. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी वर धातूच्या रूपात साचतं. आणि बँक पूर्ण रिकामी करून वर्षभर कपाटात ठेवली की सेल २ व्होल्टच्याही खाली जातो, ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज केल्यावर तेच तांबं भलत्या जागी जमतं. म्हणून वर्षभर मेलेली पॉवर बँक 'झटका देऊन' जिवंत करण्याचे जे उपाय फिरतात, ते करू नयेत.

मोठा ब्रँड असला म्हणजे सेलमधला दोष अशक्य होत नाही. जून २०२५ मध्ये अँकरने अमेरिकेत 'पॉवरकोअर १००००' या मॉडेलच्या साडेअकरा लाखांहून जास्त बँका आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या. मग ब्रँडचा उपयोग काय? उपयोग हाच, की मॉडेल आणि अनुक्रमांक छापलेला असतो, दोष सापडल्यावर जाहीर होतो आणि बदलून मिळतं. निनावी मालात तोच दोष असेल तर तो कुणालाही, कधीही कळत नाही. आपल्या बँकेचा मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर परत मागवलेल्यांच्या यादीत आहे का, हे एकदा बघून ठेवावं. दोन मिनिटांचं काम आहे.

लेबलवर यूएन ३८.३, आयईसी ६२१३३, यूएल २०५६ अशी नावं दिसतात. पहिली वाहतुकीसाठीची चाचणी: हवेचा कमी दाब, उष्ण-थंड, कंपन, धक्का, शॉर्ट, जास्त चार्ज. दुसरी सेल आणि बॅटरीच्या सुरक्षिततेची, तिसरी खास पॉवर बँकांची. छापणं कुणालाही जमतं, म्हणून नुसत्या खुणेपेक्षा प्रमाणपत्राचा क्रमांक दिलेला असेल आणि तो पडताळता येत असेल तर त्याला वजन आहे.

उष्णता आणि वय

लिथियम-आयन सेल ३०० ते ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येतो. अर्धी रिकामी करून भरली तर अर्धी फेरी धरायची. लोहयुक्त फॉस्फेट प्रकारच्या, म्हणजे एलएफपी सेलच्या बँका हजारो फेऱ्या काढतात आणि पेटण्याचा धोकाही कमी असतो. बदल्यात त्या जड आणि आकाराने मोठ्या असतात. घरात एका जागी ठेवायची असेल तर आमचं मत एलएफपीच्या बाजूने.

सेल न वापरताही म्हातारा होतो, आणि सर्वांत लवकर होतो तो शंभर टक्के भरलेला आणि तापलेला असताना. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर साठ-सत्तर अंश सहज होतात. तिथे पूर्ण भरलेली बँक ठेवणं म्हणजे दोन्ही वाईट गोष्टी एकत्र. दीर्घकाळ ठेवायची असेल तर ४० ते ६० टक्के भरून, थंड जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी थोडी चार्ज करा, कारण बोर्ड झोपेतही थोडी वीज पीत असतो.

चार्ज करताना ती कडक, मोकळ्या पृष्ठभागावर असावी. गादी, उशी, बंद पिशवी नको. २०,००० ची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर; १० वॉटच्या जुन्या चार्जरने तिला नऊ तासांच्या आसपास लागतात, १८ वॉटच्या चार्जरने पाच. रात्रभर लावून झोपण्याची सवय बहुधा लहान चार्जरमुळेच पडते, तेव्हा आधी चार्जर बदला. बँक चार्ज होत असतानाच तिच्यावर फोन लावणं काही बँकांत चालतं, पण दोन्ही बाजूंची उष्णता एकाच डबीत साठते. रोजची सवय करू नये. हाताला कोमट लागणं ठीक आहे. हात ठेववत नाही इतकी तापली तर लगेच काढा.

विमानात

प्रवासी विमानांत पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात नेता येते, चेक-इन बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची मान्यता लागते, त्यावर बंदी. बाजारात २६,८०० हा विचित्र आकडा का दिसतो ते इथे उलगडतं: २६.८ गुणिले ३.७ म्हणजे ९९ वॉट-अवरच्या किंचित वर. लेबलवर वॉट-अवर छापलेले नसतील किंवा पुसले गेले असतील तर बँक विमानतळावरच राहण्याची तयारी ठेवा. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी पेटलं आणि तपासात डोक्यावरच्या सामानकप्प्यातल्या पॉवर बँकेकडे बोट गेलं. त्यानंतर अनेक कंपन्यांनी बँक वरच्या कप्प्यात ठेवायला किंवा उड्डाणात वापरायला मनाई केली आहे. नियम कंपनीगणिक बदलतात, निघण्याआधी त्या त्या कंपनीचे वाचून घ्या.

निरोप कधी द्यायचा

बँक सपाट टेबलावर ठेवा. ती डुलत असेल, कवचाची शिवण उसवली असेल किंवा मधोमध फुगवटा लागत असेल तर आत वायू झालेला आहे. तिथे वापर संपला. चार्ज करू नका, 'एकदा शेवटची रिकामी करू' म्हणूनही वापरू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. नेलपॉलिशच्या रिमूव्हरसारखा गोडसर वास, काही न जोडता लागणारी ऊब, भरलेली दाखवून मिनिटांत बंद पडणं, यांपैकी काहीही दिसलं तरी तेच.

धूर किंवा सूं-सूं आवाज सुरू झाला तर हातात घेऊन पळू नका. आसपासची माणसं बाजूला करा, खिडक्या उघडा, आणि धूर छातीत घेऊ नका. त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. सुरक्षित अंतरावरून जमत असेल तर भरपूर पाणी ओता. पॉवर बँकेत धातुरूप लिथियमचा साठा नसतो, त्यामुळे पाण्याने भडका उडण्याची भीती इथे अस्थानी आहे. पाण्याचं काम सेल थंड करणं हे आहे. ज्वाळा विझल्या तरी पाणी चालू ठेवा, कारण शेजारचा सेल नंतर पेटू शकतो. ते आवाक्यात नसेल तर दार ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा.

फुगलेली पण शांत असलेली बँक झाकण घट्ट न लावलेल्या धातूच्या डब्यात, कोरड्या वाळूत, जळाऊ सामानापासून दूर ठेवा. पोर्टवर चिकटपट्टी लावा. घरच्या कचऱ्यात टाकलेली बँक कचरागाडीच्या दाबात चिरडली की तिथेच आग लागते. म्हणून ती ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर द्यायची, आणि देताना 'ही फुगलेली आहे' असं सांगून, बाकी बॅटऱ्यांपासून वेगळी हातात द्यायची.